पुठ्ठा, बूट आणि तापणारे जॅकेट : विस्कॉन्सिनच्या थंडीत फुटबॉलचा एक हंगाम

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली चार वर्षे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीत राहतो. शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्राची घडी टाकून पाटाकडील आणि दिलबहार तालमींचे फुटबॉल सामने पाहिलेल्या माणसाला, मैदानावर बसताना अंगाखाली काहीतरी घ्यावे लागते, हे कोणी शिकवण्याची गरज नसावी. तरीही सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत मी तेच नव्याने शिकलो आणि त्यासाठी जवळपास पाचशे डॉलर मोजले. कोणती वस्तू उपयोगी पडली आणि कोणती नाही, हे पुढील हिवाळ्यात येथे पहिल्यांदा सामन्याला जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच लांबट चेंडूचा अमेरिकी फुटबॉल.

मी एकूण पाच सामने पाहिले. दोन मॅडिसनच्या कॅम्प रँडल स्टेडियमवर, विद्यापीठाच्या संघाचे. तीन ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर, तेथील व्यावसायिक संघाचे, म्हणजे पॅकर्सचे. पॅकर्सची हंगामी तिकिटे १९६० पासून संपलेलीच असतात आणि प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत, त्यामुळे माझ्यासारख्याला तिकीट मिळते ते कोणाच्या तरी मेहेरबानीने. १९९४ पर्यंत हा संघ आपले काही सामने मिलवॉकीत खेळत असे, आणि तेव्हाच्या तिकीटधारकांचा ठरावीक सामन्यांवरचा हक्क ग्रीन बेमध्येही कायम राहिला. आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे वडिलांपासून आलेला असा हक्क आहे. त्याच्याकडे संघाचा एक शेअरही आहे, चौकटीत लावलेला. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या सभासदत्वासारखेच हे प्रकरण. फक्त येथे लाभांश नाही, शेअर विकता येत नाही आणि दिवाळीची साखरही मिळत नाही. त्याच्यामुळे ऑक्टोबरचा आणि डिसेंबरचा सामना पाहिला, जानेवारीचे तिकीट पुनर्विक्रीतून घेतले. ऑक्टोबरमध्ये साधे जॅकेट पुरले. नोव्हेंबरअखेर मॅडिसनला उणे ४ अंश सेल्सिअस होते, डिसेंबरमध्ये उणे १२ आणि वर वारा, जानेवारीत उणे १६. यापुढील सगळे निष्कर्ष या शेवटच्या तीन सामन्यांचे आहेत.

घड्याळात सामना चार क्वार्टर मिळून साठ मिनिटांचा असला, तरी प्रत्यक्षात तो तीन तासांहून अधिक चालतो, कारण चेंडू खेळात असण्यापेक्षा थांबलेला असण्याचाच वेळ जास्त. थंडी अंगात शिरते ती या थांबलेल्या वेळात, दूरचित्रवाणीच्या जाहिराती चालू असताना, माणूस गप्प बसलेला असतो तेव्हा. त्यातच लॅम्बोची बहुतेक आसने म्हणजे पाठ नसलेले ॲल्युमिनियमचे लांब बाक, आणि पायाखाली काँक्रीट. लाकडाच्या तुलनेत ॲल्युमिनियम शेकडो पटींनी अधिक वेगाने उष्णता खेचून नेते. उणे १२ अंशातील त्या बाकावर बसणे म्हणजे तीन तास आपल्या अंगाने बाक तापवत राहणे. गंमत अशी की मैदानाच्या मातीखाली गरम द्रव फिरवणाऱ्या नळ्या आहेत, म्हणजे गवताची सोय आहे. ही व्यवस्था दगा देऊ शकते याचाही इतिहास याच मैदानावर घडला. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंशांत झालेल्या सामन्यात जमिनीखालची विजेची तापयंत्रणा निकामी ठरली, मैदान गोठले, पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्याने त्यांनी तोंडी आरोळ्या देऊन सामना चालवला, आणि पॅकर्सनी डॅलसच्या संघाला २१–१७ असे हरवले. येथील म्हातारी माणसे त्या सामन्याबद्दल पानिपतासारखे बोलतात. फरक इतकाच की हे जिंकले होते.

सर्वांत महाग खरेदी बॅटरीवर तापणाऱ्या बिनबाह्यांच्या जॅकेटची. ऑक्टोबरमध्ये १७० डॉलरना घेतले. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार एका नगावरून आहे. छातीवर दोन आणि पाठीवर एक अशा तीन तापणाऱ्या पट्ट्या, कळ दाबून तीन पातळ्या, आणि खिशात तळहाताएवढी बॅटरी. घरात तपासले तेव्हा मधल्या पातळीवर बॅटरी साडेचार तास टिकली, म्हणून निर्धास्त होतो. डिसेंबरच्या सामन्यात तीच बॅटरी मधल्या पातळीवर दोन तासांत संपली, म्हणजे तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यालाच. थंडीत लिथियम बॅटरीची ताकद घटते हे मला माहीत होते, पण बॅटरीचा खिसा बाहेरच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर का दिला असावा, हे मात्र कळले नाही. जानेवारीत मी बॅटरी वायरीसह आतल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, तेव्हा ती तीन तासांच्या थोडी पुढे गेली. दुसरी अडचण म्हणजे सूचनांप्रमाणे हाताने धुऊनही तिसऱ्या धुण्यानंतर डावी पट्टी बंद पडली. बदली नग मिळायला पाच आठवडे लागले आणि तोवर एक सामना होऊन गेला. पाठीवरची पट्टी खरोखर सुखद आहे, यात शंका नाही. पण छाती मुळात गारठत नव्हतीच, आणि जेथे गारठत होते तेथे हे जॅकेट पोहोचत नाही.

गारठत होते ते पाय. मॅडिसनच्या सामन्याला मी डोंगर चढायचे चांगले बूट घालून गेलो होतो, आत दोन जाड मोजे. अर्ध्या वेळेपर्यंत बोटांना मुंग्या आल्या आणि नंतर मुंग्याही थांबल्या, जे अधिक वाईट लक्षण आहे. कॅम्प रँडलवर तिसरा क्वार्टर संपला की सगळे स्टेडियम एकदम उड्या मारते, ही १९९८ पासूनची प्रथा आहे. त्या चार मिनिटांच्या उड्यांनी माझे पाय परत आणले, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणतो. दुखणे नंतर समजले. दोन मोज्यांनी बूट आवळला गेला होता, आत हवा उरली नव्हती, आणि ऊब धरते ती मोज्यापेक्षा अडकलेली हवाच. डिसेंबरपूर्वी मी रबरी तळ आणि आत काढता येणारा नमद्याचा मोजडीसारखा थर असलेले बूट घेतले, माझ्या मापापेक्षा एक माप मोठे, १३० डॉलरना. त्यात एकच लोकरी मोजा. चालताना ते जड आणि बेंगरूळ वाटतात, गाडी चालवताना तर काढूनच ठेवावे लागतात, पण जानेवारीतील उणे १६ अंशांत तीन तास बोटे हलत राहिली. सामन्यानंतर आतला थर काढून रात्रभर वाळवणे आवश्यक आहे. एकदा आळस केला आणि दुसऱ्या दिवशी ओलसर बूट घालून बर्फ उपसताना त्याची शिक्षा भोगली.

आणि पुठ्ठा. डिसेंबरच्या सामन्यात शेजारी सत्तरीचे एक काका होते. मी बसताच त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले, मान हलवली, आणि आपल्या पायाखालचा पुठ्ठा फाडून अर्धा माझ्याकडे सरकवला. कुठल्यातरी खोक्याचा, दुपदरी, कडेला अजून चिकटपट्टी असलेला. काँक्रीट आणि बूट यांच्यामध्ये तो आल्यावर दहा मिनिटांत फरक जाणवला. साडेतीनशे डॉलर खर्चूनही जे साधले नव्हते ते खोक्याच्या तुकड्याने साधले, याचा थोडा रागच आला. बुडाखाली मी स्पंजाची पातळ घडीची गादी घेतो, बिनखिशाची आणि बिनचेनची, कारण खिसे वा चेन असलेल्या गाद्या प्रवेशद्वारावरच अडतात. पिशवीही पारदर्शकच लागते, बारा बाय सहा बाय बारा इंचांच्या आतली. गादी आणि पुठ्ठा मी हातात दिसतील असे धरतो, आजवर कोणी हटकलेले नाही.

कमरेखालच्या कपड्यांसाठी येथील लोक शिकाऱ्यांच्या दुकानात जातात. नोव्हेंबरअखेर विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो, त्यामुळे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली, कापूस भरल्यासारखी जाड विजार जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि स्टेडियमवर संघाच्या हिरव्या-पिवळ्याइतकाच शिकाऱ्यांचा भडक नारिंगी रंग दिसतो. मी एक वापरलेली विजार ६० डॉलरना घेतली आणि पूर्ण समाधानी आहे. तिचा एकच दोष असा की शौचालयात जाणे हा दहा मिनिटांचा कार्यक्रम होतो. आत मेरिनो लोकरीचे थर्मल हवे. सुती बनियन घालू नये, कारण सुत घाम धरून ठेवते. लॅम्बोच्या आसपासचे रहिवासी आपल्या हिरवळी पार्किंगला भाड्याने देतात आणि तेथून वीस मिनिटे तरी चालावे लागते. पहिल्यांदा मी सगळा जामानिमा चढवून चाललो, घामाघूम होऊन बसलो आणि दुसऱ्या क्वार्टरपासून पाठ बर्फासारखी झाली. आता बाहेरचे जॅकेट खांद्यावर टाकून चालतो आणि जागेवर बसल्यावर घालतो.

हातांसाठी बोटांच्या मोज्यांपेक्षा मुठीचे, म्हणजे चार बोटे एकत्र राहणारे मोजे कितीतरी उबदार. त्यात लोखंडाच्या भुकटीची गरम पुडी टाकावी. ही भुकटी हवेतल्या प्राणवायूने गंजते आणि त्यातून उष्णता निघते, म्हणून पुडी सामन्याच्या अर्धा तास आधी उघडून हलवावी लागते. आवळ बुटात हवा पोहोचत नाही, म्हणून पायाच्या पुड्यांनी मला निराश केले. तिकीट आता फोनवरच असते, आणि डिसेंबरमध्ये रांगेत माझा फोन ४० टक्क्यांवरून अचानक बंद पडला. सहकाऱ्याने तो आपल्या काखेत धरून पाच मिनिटांत जिवंत केला. तेव्हापासून फोन अंगाला लागून असलेल्या खिशात, आणि बाहेर काढायचा तो फक्त दारापाशी.

डोक्यावर आईने विणलेली माकडटोपी. लहानपणी शाळेत जाताना गल्लीच्या वळणावर काढून दप्तरात कोंबायचो तीच जात. येथे तिच्यासारखीच वस्तू ४० डॉलरना मिळते आणि कोणी हसत नाही. आईची टोपी कृत्रिम लोकरीची असल्याने श्वासाची वाफ तोंडापाशी गोठून कडक पापुद्रा धरते, एवढीच तक्रार. म्हणून तोंडावर आता वेगळा पातळ लोकरी पट्टा घेतो आणि तो ओला झाला की फिरवून बांधतो.

बिअरबद्दल येथे उघड बोलणे धाडसाचे आहे, पण पहिल्या घोटाने येणारी ऊब फसवी असते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. मी सामन्याआधी गाडीपाशी थर्मासमधला आल्याचा चहा घेतो आणि आत गरम सूप. उणे १८ अंश आणि ताशी चोवीस किलोमीटर वारा असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, असे येथील हवामान खात्याचा तक्ता सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीला उणे २० अंशांत झालेल्या सामन्यानंतर काही प्रेक्षकांची हिमदंशाने गेलेली बोटे कापावी लागली होती. त्यामुळे बोट पांढरे पडून बधिर झाले, तर गुणफलक काहीही असो, उठून आत जावे. मी जानेवारीत चौथ्या क्वार्टरमध्ये एकदा गेलो आणि निर्णायक टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण, शौचालयाबाहेरच्या पडद्यावर पाहिले.

पुन्हा खरेदी करायची झाली तर आधी बूट, मग शिकाऱ्याची विजार, मग मुठीचे मोजे या क्रमाने करीन. तापणारे जॅकेट सवलतीत मिळाले तरच घेईन. बदलून आलेले सध्या सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना घालतो, त्या पंधरा मिनिटांना ते उत्तम आहे. पुठ्ठा दर वेळी नवा न्यावा. पुढच्या सामन्यासाठी म्हणून मी एकदा तो बाकाखाली सरकवून आलो होतो, पुढच्या वेळी अर्थातच तेथे नव्हता.