रेड डॉटच्या नावाखाली १९,७०० रुपयांची टोपी

रेड डॉट म्हणजे बंदुकीवर बसवायची नेम धरायची काच, तिच्यात लाल ठिपका दिसतो. तिचं टोकन ४,०००, यूपीआयनं. ती नळीवर बसवायच्या माउंटचे २,२०० वेगळे, तेही यूपीआयनं. पार्सल दारात आल्यावर कुरियरच्या पोराला रोख १३,५००. एकूण १९,७०० मोजून मी एक खेळणं घेतलंय, आणि विकणाऱ्याचा नंबर अजून चालू आहे. डीपीला तिरंगा!

आधीच सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. मला शिकारीचा शौक नाही. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, आणि पिकात घुसलेल्या रानडुकरावर बार टाकायचा तरी वनखात्याची परवानगी लागते, हे मला कळतं. वडिलांची दुनळी बाराबोर आहे, पीकसंरक्षणाचं लायसन्स माझ्या नावावर, ऊस राधानगरीच्या बाजूला. वयामुळं नळीच्या टोकावरची माशी धूसर दिसायला लागली. रेड डॉटमध्ये ठिपका समोरच्या लक्ष्याइतकाच लांब असल्यासारखा दिसतो, त्यामुळं नजर माशीवर आणि लक्ष्यावर आलटूनपालटून न्यावी लागत नाही. म्हणजे गरज होती, हौस नव्हे.

मोबाईलवर जाहिरात दिसली, फोन लावला. "काका, इम्पोर्टेड पीस आहे, बाराबोरवर टेस्टेड." बोलणं गोड. मग मी न विचारताच म्हणाला, "चारपर्यंत झूम होतोय काका, बांधावरनं डुक्कर एकदम जवळ दिसणार."

फोन तिथंच ठेवायचा होता. रेड डॉट झूम करत नाही! काचेवर नुसता ठिपका असतो. मोठं दिसायला हवं तर मागं वेगळा मॅग्निफायर लावतात. हे मला माहीत होतं. पण वाटलं, विकणारा पोरगा आहे, ट्रॅक्टर विकणाऱ्याला तरी कुठं नांगरट येते? त्यानं पाठवलेल्या व्हिडिओतही सगळं उघड होतं. बार काढताना नळी तसूभर उचलत नाही, खांदा हलत नाही, धूर नाही. एअरसॉफ्टची, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी खेळातली बंदूक होती ती. आता पाहिलं की डोक्यात तिडीक जाते. पण रात्री जेवणानंतर मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर कुणाच्या लक्षात येतंय, सांगा.

पैसे दिल्याशिवाय खोका उघडू देत नाहीत. आत माउंट निघाला पिकाटिनी रेलचा, म्हणजे नव्या बंदुकांवर असते त्या खाचांच्या पट्टीचा. जुन्या दुनळीला रेल कुठली? दोन नळ्यांच्या मधे सपाट पट्टी असते फक्त. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून क्लॅम्प करून घेतला, त्याचे ९०० मी वरच्या हिशेबात धरलेलेच नाहीत. (नळीला भोक पाडू म्हणणारा कुणी भेटला तर बंदूक उचलून घरी या.) पहिल्याच बाराला ठिपका गेला आणि काच पुढं निघाली. आत गोंद! कंपनीचं नाव परदेशी, अनुक्रमांक छापलेला. नखानं खरवडल्यावर निघाला. विकणाऱ्याच्या जाहिरातीतला फोटो नंतर खेळण्यांच्या जाहिरातीत सापडला, किंमत २,४००. अनुक्रमांकाचा फोटो पैसे देण्याआधी मागा आणि मूळ कंपनीकडून खात्री करून घ्या. टाळाटाळ केली की विषय संपला.

आणि छर्ऱ्यांसाठी एवढा खर्च लागतोच असं नाही. फुल चोकमधून (टोकाला जास्त आवळलेल्या नळीतून) ४० यार्डांवर साधारण ७० टक्के छर्रे ३० इंचांच्या वर्तुळात पडतात. नजर धड असेल तर माशी पुरते.

आता ठाण्याची कथा. "बंदुकीला काय लावताय? परवाना दाखवा." झेरॉक्स दाखवली. "मूळ आणा." मूळ नेला तर साहेब बंदोबस्ताला. साहेब भेटले तर म्हणाले, "माल मिळाला न्हवं? मग फसवणूक कसली? ग्राहककडं जावा." चोर मी आहे का तो? निवडणूक लागली की बंदूक जमा करा म्हणून याच ठाण्यातून सकाळी सातला फोन येतो, तेव्हा सगळे जागेवर असतात! बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. कुरियरवाला म्हणतो आम्ही फक्त पोचवतो. अहो, रोख रक्कम तुमच्याकडून विकणाऱ्याला लगेच जात नाही, तेवढ्यात अडवायला काय झालं होतं? २०१९ च्या कायद्यानं ग्राहक तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, ठीक आहे, पण नोटीस पाठवायची कुणाला? खोक्यावर नुसता मोबाईल नंबर!

यूपीआयनं पैसे गेले असतील तर ठाण्यात चकरा मारण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, तासाभरात. खोका उघडताना व्हिडिओ काढा, लेबलापासून.

तो व्हिडिओ अजून नव्या नंबरांवरून फिरतोय: मागं हिरवी भिंत, उजव्या मनगटात लाल दोरा. तुमचं पार्सल निघालं असेल तर दारातूनच परत पाठवा, टोकन गेलं तर गेलं.