पहिलं व्यासपीठ कुठलं: ओपन माइक, मांडव, ऑर्केस्ट्रा की स्वतःचा कार्यक्रम?

रियाज नीट चालू आहे, पंधरा-वीस गाणी बसली आहेत, घरचे-मित्र म्हणतायत की आता लोकांसमोर गा, आणि हाताशी पंधरा-वीस हजारांच्या वर काही नाही. मुंबईत अशा टप्प्यावर असलेल्या गायक-वादकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: स्पीकर कुठला घेऊ? माझं म्हणणं, तो प्रश्न निदान वर्षभर बाजूला ठेवा. या शहरात माइक, मिक्सर आणि समोर बसलेली माणसं आधीच असलेल्या जागा भरपूर आहेत. पैसे कमी असताना आपण तिथं जाऊन उभं राहायचं. स्पीकर घेतलात तर तो ठेवायला घरात जागा हवी, न्यायला टॅक्सी हवी आणि वाजवायला परवानगी हवी. तिन्ही गोष्टी इथे महाग.

आता कुठं उभं राहायचं, ते बघू.

ओपन माइक

वांद्रे, खार, अंधेरी-वर्सोवा या पट्ट्यात कॅफे आणि छोट्या जागांमध्ये ओपन माइक होतात. आधी नाव नोंदवायचं, बहुतेक ठिकाणी शे-दोनशे ते तीन-चारशे रुपये भरायचे, पाच-सात मिनिटं मिळतात. म्हणजे एक गाणं, फार तर दोन. साउंड त्यांचा. वरून कॉफी घ्यावी लागते आणि उशीर झाला तर स्टेशनपर्यंत रिक्षा. महिन्यात तीन-चार केले तरी खर्च दोन हजारांच्या आसपास राहतो.

मिळतं काय? अनोळखी माणसांसमोर उभं राहायची सवय. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, वरच्या सुरावर किती मागे घ्यायचा, गाण्याआधी दोन वाक्यांत काय बोलायचं, हे घरी आरशासमोर येत नाही. आणि एक बरा व्हिडिओ मिळतो, त्याचं महत्त्व पुढे सांगते.

मात्र ही जागा सगळ्यांसाठी सारखी नाही. गिटार किंवा कीबोर्ड घेऊन एकट्यानं गाणाऱ्यासाठी ती आखलेली आहे. वायर लावली की झालं. पेटी-तबला घेऊन गेलात तर अनेक ठिकाणी दोनच माइक असतात, एक गळ्याला जातो आणि दुसऱ्यासाठी पेटी आणि तबला भांडत बसतात. तबला लावायलाच पाच मिनिटं लागतात, तुमचा वेळ तिथंच संपला. समोर बसलेल्यांतले बरेचसे आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारे कलाकार असतात. ते टाळ्या वाजवतात, मनापासून वाजवतात, पण त्यावरून कार्यक्रम रंगेल की नाही ते कळत नाही. स्वतःची गाणी लिहिणाऱ्यांनी मात्र इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. मराठी गाणं असेल तर संकोच करू नका. आधीचा हिंदी, नंतरचा इंग्रजी, अशा रांगेत मराठी गाणं उलट लक्षात राहतं.

मंडळाचा मांडव

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून या शहरात मांडव हे गाणाऱ्यांचं व्यासपीठ आहे. गणपती, नवरात्र, कोजागरी, माघी गणपती, शिवाय चाळी-सोसायट्यांची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा. मंडळाला संध्याकाळचा एखादा कार्यक्रम हवाच असतो आणि सगळ्यांनाच नावाजलेले कलाकार परवडत नाहीत. नवख्यासाठी जागा तिथं आहे.

तुमचा खर्च जवळजवळ शून्य. मानधन म्हणून कधी पाकीट, कधी शाल-श्रीफळ. साथीदारांची बिदागी मात्र आधी ठरवून घ्या, कारण शाल वाटून घेता येत नाही.

ओपन माइकपेक्षा खरा फरक वेळेचा आहे. इथं तास-दीड तास भरून काढायचा असतो. पहिल्या रांगेत आज्या, बाजूला धावणारी पोरं, मागे उभे कार्यकर्ते, मध्येच सूचना: अमुक नंबरची गाडी गेटसमोरून काढा. गाणं थांबवायचं, सूचना होऊ द्यायची आणि पुन्हा तिथूनच उचलायचं. अभंगानंतर भावगीत, मग एखादी गवळण, लोक उठायला लागले की ठेका वाढवायचा, ही क्रम लावायची विद्या मी मांडवाशिवाय कुठं शिकता येईल असं म्हणणार नाही.

साउंडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक कार्यक्रम तिथं पडतात. मंडळाचा साउंड आरती आणि घोषणांसाठी लावलेला असतो. इको भरपूर. त्यात गाणं म्हटलं की शब्दांवर शब्द चढतात. साउंडवाल्या दादांना आधी गाठा, चहा घ्या आणि सांगा: इको बंद करा, मग मी सांगते तेवढाच द्या. मुख्य स्पीकर तुमच्या पुढे हवेत, मागे नकोत. मागे असले की त्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. जास्तीचा एखादा स्पीकर असेल तर तो तुमच्याकडे तोंड करून ठेवायला सांगा, नाहीतर स्वतःचा सूर ऐकू न येता ओरडून गावं लागतं आणि तिसऱ्या गाण्याला गळा बसतो. पेटीचा माइक भात्याजवळ नको, हवा फरफरते. तो पट्ट्यांच्या बाजूला, वीतभर अंतरावर. गणपतीचे दिवस पावसाळी असतात, दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सूर उतरतो, म्हणून तबलजीला अर्धा तास आधी पोचायला सांगा. तानपुरा फोनमधल्या ॲपवर लावणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन आलापात कुणाचा तरी कॉल आला की सूरच बंद पडतो.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त १५ दिवस, १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. त्या दिवसांत तुमचा दिवस आहे का, ते मंडळाला विचारा. नसेल तर दुसरा प्रश्न: आरती किती वाजता संपते? आरती नऊला संपणार असेल तर तुमच्याकडे एकच तास आहे, त्या हिशेबानं गाणी निवडा. परवानगी काढणं मंडळाचं काम आहे, पण ती निघाली आहे ना हे विचारायला लाजू नका.

ऑर्केस्ट्रा

इथं तुम्हाला खर्च नाही, उलट नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, मिळते. सुरुवातीला थोडी, पण मिळते. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, मालक घेतो, साउंड-लाइट-निवेदक त्याचे, तुम्ही तयार गाणी घेऊन वेळेवर हजर राहायचं. स्वतःची पट्टी, म्हणजे कुठल्या सुरातून गाता ते, तोंडपाठ हवी. काळी दोन की पांढरी चार, हे कीबोर्डवाल्यानं विचारल्यावर गुणगुणून शोधत बसलात तर पुढच्या सुपारीला फोन येत नाही. मूळ गाण्यातले म्युझिक पीसेस कुठं संपतात, कुठं उचलायचं, हे इतकं पक्कं होतं की पुढे कुठल्याही वादकासोबत उभं राहता येतं.

तोटा एकच, पण मोठा. तुम्ही एखाद्या मोठ्या गायिकेचा आवाज म्हणून ओळखले जाता आणि लोक तेवढंच मागतात. ज्यांना गाण्यावर घर चालवायचं आहे त्यांनी ही वाट जरूर धरावी. ज्यांना स्वतःचं काही म्हणायचं आहे त्यांनी एक-दोन हंगाम शिकण्यासाठी जावं आणि सोबतीला स्वतःची गाणी चालू ठेवावीत.

इथं हक्कांचा मुद्दा येतो. सिनेमाची गाणी सार्वजनिक कार्यक्रमात गायला परवाना लागतो आणि तो काढायचा असतो आयोजकानं किंवा जागेच्या मालकानं. लग्नाची वरात, लग्नातले समारंभ आणि खरेखुरे धार्मिक विधी यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून तुम्ही स्वतः आयोजक झालात तर मात्र ती जबाबदारी तुमची. स्वतः लिहिलेली, चाल दिलेली गाणी असतील तर गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घेऊन ठेवा.

स्वतःचा कार्यक्रम

दीनानाथ किंवा शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाव झळकावं असं कुणाला वाटत नाही? पण पहिल्या वर्षी तो विचार नको. प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर आणि बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, दोन्हीकडे मिनी थिएटर आहे, तरी हिशेब करून बघा. समजा शंभर तिकिटं दोनशे रुपयांना, सगळी खपली तर वीस हजार. त्यातून भाडं, अनामत, साउंड, दोन-तीन साथीदार, परवाने, चहापाणी. आणि सगळी तिकिटं खपत नाहीत, खपतात ती नातेवाईकांना.

त्यापेक्षा घरगुती बैठक. दादर-पार्ल्यातल्या एखाद्या मोठ्या हॉलच्या घरात पंचवीस माणसं, सतरंजी, माइक नाही, परवाना नाही, चहा-खिचडीचा खर्च. शास्त्रीय, नाट्यसंगीत, गझल गाणाऱ्यांना याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. तीन हातांवर बसलेला श्रोता मान हलवतो की घड्याळ बघतो, ते तिथल्या तिथं कळतं. शास्त्रीय गाणाऱ्यांनी माटुंग्याच्या दादर-माटुंगा कल्चरल सेंटरसारख्या ठिकाणी आधी श्रोता म्हणून नियमित जावं. पुढे बोलावणारी माणसं तिथंच ओळखीची होतात.

कॅफे-हॉटेलातले रोजचे गिग मी मोजले नाहीत. तिथं दोन-तीन तासांचं भांडार लागतं आणि ते वर्षभरानंतरचं काम आहे.

मग पैसे कशावर घालायचे

आधी दोन चांगल्या वायरी. लॅमिंग्टन रोडला चांगली शिल्डेड वायर मीटरवर घेऊन कनेक्टर लावून घेतले की तयार वायरीपेक्षा स्वस्त पडतं आणि टिकतं. मग स्वतःचा डायनॅमिक माइक. शुअरचा एसएम५८ आठ-दहा हजारांच्या घरात येतो, १९६६ पासून तोच चालत आलाय आणि पडला-आपटला तरी चालतो. नकली फार आहेत, म्हणून धोबी तलावच्या किंवा दादरच्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून बिलासकट घ्या. पेटीवाल्यांनी आधी पेटी ट्यून करून घ्यावी, माइक नंतर. उरलेले पैसे साथीदारांसाठी ठेवा. तबलजीला पहिल्या कार्यक्रमापासून ठरलेली बिदागी वेळेवर दिलीत तर पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी तारीख राखून ठेवतो. तबला-डग्गा घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं म्हणजे लगेजचा डबा, तोही साडेपाचच्या आत. नाहीतर टॅक्सीचं भाडं धरून चाला.

माझा क्रम विचाराल तर एप्रिल ते जुलै ओपन माइक किंवा दोन-तीन बैठका आणि भाद्रपदात मांडव. मंडळं महिना-दोन महिने आधी कार्यक्रम ठरवतात, तेव्हा कार्यकर्त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायला काहीतरी हवं. दीड मिनिटाचा व्हिडिओ पुरतो. सुरुवातीचं बोलणं कापून थेट मुखड्यापासून लावा, चेहरा दिसू द्या आणि खाली एका ओळीत लिहा: किती जण, किती वेळ, किती माइक लागतील, मानधन किती, येण्याजाण्याचा खर्च त्यात धरलाय की नाही.