आठ महिन्यांत तीनदा खोललेला चाकू

चाकू घेताना लोक पातं बघतात, मी आधी स्क्रू बघतो. सातवीत असताना काकांनी दिलेला लाल स्विस चाकू आतून कसा चालतो ते बघायला मी कानशीनं त्याच्या रिव्हेट घासल्या होत्या. त्या पितळी रिव्हेटची डोकी ठोकून पसरवलेली असतात, एकदा घासली की संपलं. आत दिसलं ते मात्र अजून डोळ्यांसमोर आहे: एकच पोलादी कमान (स्प्रिंग) आणि चाकूच्या दोन्ही अंगांची अवजारं तिच्यावरच टेकलेली. ही युक्ती स्विस कारागीर कार्ल एल्सेनर यांच्या १८९७ च्या चाकूपासूनची, हे पुष्कळ नंतर वाचलं. तो चाकू सुट्या भागांत अजून एका बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. काकांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर गेल्या डिसेंबरात स्क्रूवाला घेतला. ऑनलाइन, चौदाशेच्या आसपास. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अगदी असाच माल चार-पाच नावांनी विकायला दिसतो. डी२ पोलादाचं साडेआठ सेंटिमीटरचं पातं, काचतंतू आणि इपॉक्सीच्या जी१० ची मूठ, लायनर लॉक (उघडलेलं पातं अडवून धरणारी पट्टी), आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पातं फिरतं तिथलं बॉल बेअरिंग. त्या बेअरिंगला मी भुललो. अंगठ्यानं जरा ढकललं की पातं लोण्यासारखं सरकायचं आणि ‘टक्’ करून बसायचं. पहिल्या आठवड्यात घरच्यांना त्या टक्-टक्चा वैताग आला.

वापर सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सुताच्या कोनांची खोकी फोडायची, गठ्ठ्यांच्या प्लास्टिक पट्ट्या कापायच्या, टॉवेलच्या कडेचे लोंबते धागे उडवायचे. सुट्टीला सांगोल्याकडे मामांच्या डाळिंबाच्या बागेत. म्हणजे सहा दिवस रुई आणि सातव्या दिवशी माती.

फेब्रुवारीत पातं जड चालायला लागलं. मी काय केलं, तर शिलाई मशीनचं तेल सोडलं. दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जड. आमच्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या अण्णांनी, चाकू हातात घेऊन दोनदा उघडमीट केली आणि म्हणाले, “सायेब, तेल कुठं घालायचं अन् किती, एवढंच तर आमचं काम. तुमी आंघोळच घातलाव की याला!”

त्या रविवारी खोलला. टॉवेलवर नव्हे, ही चूक करू नका. टॉवेलवर स्क्रू घरंगळत नाहीत हे खरं, पण ओशट भागांना त्याचेच तंतू चिकटतात. स्टीलचं जेवायचं ताट घ्यायचं आणि त्याच्या कडेला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक ठेवायचं. मुठीचे स्क्रू टी६, मधला मोठा, ज्यावर पातं फिरतं तो, टी८, दोन्हीची डोकी सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखी. माझ्याकडे मोबाईल रिपेरिंगचा स्वस्तातला किट होता. पहिलाच टी६ स्क्रू हलेना, जोर केला तर पाकळ्याच गुळगुळीत झाल्या. मग लक्षात आलं की कारखान्यातून येतानाच आट्यांवर डिंक लावलेला असतो, हलवाहलवीत ढिले पडू नयेत म्हणून. गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरलं, डिंक मऊ पडला आणि बाकीचे सरळ निघाले. (मूठ नायलॉनची असेल तर हे करू नका, वितळेल. जी१० ला काही होत नाही.) त्या गुळगुळीत झालेल्याला मात्र हॅक्सॉनं खाच पाडावी लागली. तो आजही तसाच आहे, खाचवाला.

आत काय होतं म्हणाल, तर नमदा. बेअरिंग म्हणजे एका पातळ पिंजऱ्यात बसवलेले बारीक छर्रे. त्या छर्ऱ्यांच्या फटीफटीत रुई जाऊन, तेल पिऊन, दाबून करडी चकती झाली होती. टाचणीनं उचलली तर अखंड निघाली, कानातल्या मळासारखी. माफ करा, पण दुसरी उपमा सुचत नाही.

साफ करता करता लॉक नीट बघून घेतलं. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ पोलादी पट्ट्या असतात. त्यातल्या एकीला लांब काप देऊन ती आत वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी आपोआप सरकून पात्याच्या बुडाखाली उभी राहते आणि पातं बंद होऊ देत नाही. त्याच पट्टीवर मोहरीएवढी गोळी ठोकून बसवलेली असते. चाकू मिटला की ती पात्यातल्या छोट्या खळग्यात बसते, म्हणून खिशात पातं आपसूक उघडत नाही. आजची लायनर लॉकची घडण मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं १९८० च्या दशकात बसवली. एवढासा लोखंडाचा तुकडा आपली बोटं वाचवतो, हे ताटात सुटा पडलेला बघितल्यावरच पटतं.

जुळवला, स्क्रू आवळले, ऐटीत उघडला तर पातं सरळ रेषा ओलांडून पाठीमागे गेलं. लॉक लागेचना. ताटात बघतो तर काडेपेटीच्या काडीच्या जाडीची एक छोटी दांडी चुंबकाला चिकटलेली. स्टॉप पिन. पात्याला ‘इथं थांब’ सांगणारी तीच. ती विसरून मिटवलं असतं तर धार आत आपटून मोडली असती. पुन्हा सगळं खोला. तेव्हापासून खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढतो, आणि भाग निघतील त्या क्रमानं ताटात डावीकडून उजवीकडे मांडतो.

मधला स्क्रू किती आवळायचा, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. मी पूर्ण आवळून मग साधारण पाव फेऱ्याच्याही निम्मा मागे घेतो. पात्याला डावी-उजवीकडे खेळ असेल तर हा स्क्रू ढिला. वर-खाली खेळ असेल तर दोष लॉकमध्ये, स्क्रू कितीही आवळा.

मे महिन्यात पुन्हा तेच. या वेळी रुईबरोबर बागेतली धूळ. पात्याच्या बुडाशी छर्रे फिरतात तिथं चकचकीत गोल रेघ उमटली होती, पट्टीवर तर बोटाला लागेल अशी. पट्टीचं पोलाद पात्यापेक्षा मऊ, त्यात धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. बेअरिंग वाईट नाही, स्वच्छ टेबलावर ते राजासारखं चालतं. पण सोलापुरात, त्यातही सुताच्या धंद्यात, नको. काही चाकूंत बेअरिंगऐवजी सपाट वॉशर असतात, त्यांत कचऱ्याला बसायला फट कमी, आणि साफ करायचं तर फडक्याचा एक फटकारा. मी पुन्हा घेताना ब्राँझच्या वॉशरचाच घेणार.

पण हाताशी होता त्याचं काय करायचं? बेअरिंग काढून बाजारातला पातळ वॉशर घालता येत नाही, कारण पट्टीत बेअरिंगच्या मापाचा खड्डा असतो, पातं सैल पडतं. आमच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं टेफ्लॉनच्या दांड्यातून त्याच जाडीच्या दोन चकत्या कातून दिल्या. पहिली जोडी जाड झाली, पातं मुठीच्या मधोमध न बसता एका बाजूला घासायचं. दुसरी बसली. शंभर रुपये आणि दोन चहा. टक् आवाज आता कमी येतो आणि पातं अंगठ्यानं पूर्ण न्यावं लागतं. घरात शांतता आहे.

पात्याबद्दल थोडक्यात. धार छान टिकते, प्लास्टिक पट्ट्या रोज कापूनही महिन्यातून एकदाच दगड लागतो. गंजाचं मात्र सांभाळा. डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बननं अडकवून ठेवलेलं असतं, त्यामुळे हे पूर्ण स्टेनलेस नव्हे. डाळिंब कापून तसाच मिटवला तर सालीतल्या टॅनिननं काळे डाग पडतात. जुलैत तिसऱ्यांदा खोलला तेव्हा बुडाशी तांबूस ठिपके होते. घासून काढले, तेलाचा एकच थेंब लावून पुसून घेतलं. अण्णांनी बघितलं आणि फक्त मान हलवली.

मित्राकडे ओपिनेल नंबर ८ हा फ्रेंच घडीचा चाकू आहे. लाकडी मूठ, एक रिव्हेट, एक फिरती कडी, मोजून पाच भाग. त्यात खोलायलाच काही नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं अडकतं तेव्हा तो मूठ टेबलावर आपटतो. मला त्याचा हेवा वाटतो, पण रविवारची दुपार त्याच्यावर जात नाही.

कायद्याचं बरेच जण विचारतात. शस्त्र नियम २०१६ मधल्या परवान्याच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, हा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तरी सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत मी तो घरीच ठेवतो. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच.

लॉकची पट्टी नवी असताना पात्याच्या बुडाच्या पाव भागावर टेकायची, आता निम्म्यावर आली आहे. झिजत ती पलीकडच्या पट्टीला टेकली की लॉक संपलं. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा खोलेन तेव्हा मोजून इथंच लिहितो.