एक गोळी, दोन गोळ्या की नुसतं बीपी? कॅडासिल असलेल्या घरातला हिशेब

दादाच्या मेंदूची एमआरआय फिल्म कोथरूडच्या घरी आम्ही खिडकीच्या उजेडात धरली. पांढरे ढगासारखे डाग, आणि मध्येच खसखशीएवढे काळे ठिपके. डाग म्हणजे रक्त कमी पोचून खराब झालेला भाग. ठिपके म्हणजे कधीतरी थेंबभर रक्त झिरपल्याच्या खुणा. हे ठिपके सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, म्हणून एमआरआय करताना ‘एसडब्ल्यूआय’ (असे ठिपके दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घेणार का, हे आधीच विचारून घ्या.

कॅडासिल म्हणजे नॉच-३ जनुकातल्या दोषामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करणारा आनुवंशिक आजार. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांना मेंदूचा झटका (स्ट्रोक) येतो तो रक्त अडून; पण काहींच्या मेंदूत रक्तस्रावही होतो. मग रक्त पातळ करणारी गोळी घ्यायची की नाही?

दादाला एका ठिकाणी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही लिहून दिल्या, किती दिवस हे न सांगता. दीड वर्ष चालू होत्या! झटक्यानंतर काही आठवडे किंवा स्टेंट असेल तर दोन्ही देतात, ते वेगळं. पण बारीक रक्तवाहिन्यांचा झटका येऊन गेलेल्या ३,०२० जणांवरच्या चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले: दीर्घकाळ दोन गोळ्या घेऊन झटके लक्षणीय कमी झाले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र वर्षाला १.१ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर गेला. ती चाचणी खास कॅडासिलची नव्हती, तरी माझ्या मते कौल स्पष्ट आहे.

एकच गोळी झटका येऊन गेलेल्यांना सहसा देतात, जरी कॅडासिलमध्ये तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. मला नुसता जनुकदोष आहे, झटका नाही. ‘असू दे’ म्हणून गोळी सुरू करायला माझे डॉक्टर तयार नाहीत, आणि मला ते पटतं.

बीपीचं तसं नाही. ते वाढलेलं असेल तर वाहिनी तुंबण्याचा आणि फुटण्याचा, दोन्ही धोके वाढतात. त्यामुळे मी खर्च केला तो दंडाला बांधायच्या यंत्रावर. सकाळी चहाआधी पाच मिनिटं गप्प बसून मोजायचं, वहीत लिहायचं. लोणचं-पापड कमी, तंबाखू-मिसरी बंद, आणि गुडघा दुखला की दुकानातून डायक्लोफेनॅक ही बीपी वाढवू शकणारी वेदनाशामक गोळी आणणंही बंद.

चालू असलेली गोळी मनाने थांबवू नका. फिल्म आणि बीपीची वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि विचारा: ही दुसरी गोळी कोणत्या तारखेपर्यंत?