गोळ्यांच्या जोडीला ग्लार्जिनचे पेन : काम चोख, पण एकच

टाइप २ मधुमेहात गोळ्या वेळेवर घेऊनही सकाळची उपाशीपोटी साखर खाली येत नाही आणि इन्सुलिन सुरू करायचे ठरते, तेव्हा अनेकांच्या हाती पहिल्यांदा येते ते ग्लार्जिन १०० या दिवसभर संथ चालणाऱ्या इन्सुलिनचे तयार पेन. ३ मिलीत ३०० युनिट, दिवसातून एकदा, रोज ठरलेल्या वेळी. औषध उत्तम आहे. तक्रारी येतात त्या बहुतेक चुकीच्या अपेक्षेतून आणि टोचण्याच्या घाईतून.

हे द्रावण आम्लधर्मी असते. त्वचेखाली गेले की त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते सावकाश विरघळत राहतात. त्यामुळे परिणाम साधारण २४ तास संथ राहतो आणि एनपीएच या जुन्या इन्सुलिनच्या मानाने रात्री शुगर लो होण्याचा धोका कमी असतो. द्रावण आम्लधर्मी असल्यानेच ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये कधीही मिसळू नये. जेवणानंतर चढणारी साखर मात्र हे पेन आवरत नाही. ते काम गोळ्यांचे आणि ताटाचे. त्याला जोखायचे ते सकाळच्या आकड्यावरूनच.

सुरुवात सहसा १० युनिटने, किंवा किलोमागे ०.१ ते ०.२ युनिटने होते. नेहमीचे लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३०. तिथे पोचेपर्यंत दर ३ दिवसांनी २ युनिट वाढवतात. उघड कारण नसताना साखर ७० च्या खाली गेली, तर डोस १० ते २० टक्के कमी करतात. हे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नाहीतर लोक महिनोन् महिने १० युनिटवरच थांबतात आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ म्हणतात.

गोळ्यांची फेरमांडणी हा खरा नाजूक भाग. मेटफॉर्मिन सहसा चालूच राहते. त्यामुळे इन्सुलिन कमी लागते आणि वजनही कमी वाढते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांचा डोस कमी करावा लागतो, कधी बंदही, कारण जोडीने शुगर लो होते. पायोग्लिटाझोनसोबत पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन चालतात, पण उलट्या, उपास किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक आम्ल साचणे, होऊ शकतो. अकार्बोज घेणाऱ्यांनी शुगर लो झाल्यावर साधी साखर नव्हे, ग्लुकोजच घ्यावे: १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

पेन वापरायला सोपे आहे. चुकते ते शेवटच्या दहा सेकंदांत. दर वेळी नवी सुई, बहुतेकांना ४ मिमीची पुरते. आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब दिसल्याची खात्री करा. मग डोस फिरवून सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि तसेच धरून १० पर्यंत मोजा. लगेच सुई ओढली की औषध बाहेर ठिबकते. एकाच जागी टोचत राहिल्यास चरबीच्या गाठी होतात, तिथून औषध कधी कमी तर कधी जास्त शोषले जाते. आकडे अकारण उड्या मारू लागले, तर आधी पोटावर बोट फिरवून गाठ शोधा. डोस वाढवण्याचा विचार त्यानंतर.

उणिवा आहेतच. काहींना २४ तास पुरत नाही. द्रावण जेवणाआधीच्या इन्सुलिनसारखेच पाणीदार दिसते. घरात दोन्ही पेन असतील तर टोचण्याआधी लेबल वाचलेच पाहिजे. डोस किलोमागे ०.५ युनिटच्या आसपास गेला, किंवा झोपतानाची साखर सकाळपेक्षा ५० हून जास्त राहिली, तर हेच इन्सुलिन वाढवत जाण्यात अर्थ नाही. उपचाराची दिशाच पुन्हा ठरवावी लागते.

न उघडलेले पेन २ ते ८ अंशांत, फ्रीझरपासून दूर ठेवा. वापरातले ३० अंशांखाली, सुई काढून, आणि २८ दिवसच. रोज ८ युनिट घेणाऱ्याचे चाचणीच्या २ युनिटांसह रोज १० जातात, म्हणजे २८ व्या दिवशीही २० युनिट उरतात. ती टाकूनच द्यायची.