पाणी कुठे मुरत होते? जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेताना झालेली फसवणूक

गाडीमागे ओढून नेता येईल असा, दोन माणसांना झोपता येईल एवढा लहान जुना ट्रॅव्हल ट्रेलर मी विकत घेतला आणि त्या व्यवहारात माझी रीतसर फसवणूक झाली. ‘रीतसर’ हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे. कागदपत्रांत काहीही खोट नव्हती, चॅसिस क्रमांक जुळत होता, ट्रेलर चोरीचा नव्हता आणि पैसे दिल्यावर सही केलेली पावतीही हातात पडली. फसवणूक झाली ती ट्रेलरच्या भिंतीत, नाकावर आणि चाकांत, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पाहणीच्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होती. जे नवे दिसले ते पाहून मी खूश झालो आणि जुन्या ट्रेलरमध्ये हे नवे कशासाठी, असा प्रश्न मला पडला नाही.

विक्रेत्याने ट्रेलर धुऊन-पुसून उभा केला होता. आत शिरताच सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास आला. पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीला नवा वॉलपेपर लावलेला होता आणि बाकीच्या तीन भिंतींचा कागद उन्हाने पिवळा पडलेला होता. ‘मुलांनी रंगवून ठेवली होती, म्हणून तेवढीच बदलली,’ असे त्याने हसत सांगितले. बाहेरून त्याच कोपऱ्याच्या पट्टीवर पांढरे शुभ्र सीलंट, म्हणजे सांधे बुजवणारा लवचीक लेप, जाड थराने भरलेले होते, तर बाकीच्या तीन कोपऱ्यांवरचे सीलंट राखाडी पडून त्याला भेगा गेलेल्या होत्या. ही निगा राखल्याची खूण आहे असे मी समजलो, इतकेच नव्हे तर त्या कोपऱ्याचा फोटो काढून पत्नीला पाठवला आणि खाली ‘माणूस हौशी दिसतो’ असे लिहिले. तो फोटो आजही माझ्याकडे आहे.

ट्रेलरची भिंत कशी बनलेली असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बहुतेक जुन्या लहान ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, त्याला बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा आणि आतून तितकेच पातळ प्लायवूड असते, आणि मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. कोपऱ्याच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, छतावरचा झरोका आणि दिव्यांची भोके या जागी सीलंटला भेग पडली की पाणी आत शिरते. आत शिरलेले पाणी तिथेच थांबत नाही. ते पट्टीवरून ओघळत खालच्या कोपऱ्यात जाऊन साठते, त्यामुळे गळती छताजवळ असते आणि कुजणे जमिनीजवळ सुरू होते. बाहेरचा पत्रा मात्र वर्षानुवर्षे चकचकीत राहतो. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार मी जन्मभर वापरत आलो, पण ते अक्षरशः मुरते तेव्हा कसे दिसते हे कळायला मला पदरचे पैसे मोजावे लागले.

ते कसे कळते हे आधी सांगतो. लाकडातली ओल मोजण्याचे एक छोटे यंत्र मिळते आणि त्याच्या दोन सुया भिंतीत टेकवल्या की टक्केवारी दिसते. 15 टक्क्यांपर्यंतचा आकडा असेल तर काळजीचे कारण नसते, 20 टक्क्यांच्या वर गेला तर पाणी कुठून येते हे शोधावे लागते, आणि 30 टक्क्यांच्या आसपास दिसला तर आतले लाकूड बहुधा कुजलेले असते. यंत्र नसेल तर आपले पाऊल आणि अंगठा पुरतो. पलंगाखाली, कपाटांच्या आत आणि कोपऱ्यांत जमीन पावलाने दाबत जावे आणि भिंत अंगठ्याने दाबावी, कारण कुजलेली जागा दबते. फायबरग्लासचा पत्रा असेल तर उजेड तिरका पडेल असे उभे राहून तो पाहावा, म्हणजे आतून सुटलेल्या पत्र्याचे फुगवटे दिसतात. पुढच्या पलंगाखाली मी वाकून पाहू लागलो तेव्हा तिथे गाद्या आणि खोकी रचलेली होती, आणि ‘सगळे काढायला वेळ लागेल, संध्याकाळी दुसरे एक जण पाहायला येणार आहेत,’ असे विक्रेता म्हणाला. ते दुसरे एक जण खरोखर होते की नव्हते हे मला कधीच कळणार नाही. मी तिथल्या तिथे विसार दिला.

दुसरी लबाडी अधिक हुशारीची होती आणि तिच्याबद्दल राग आला तरी मनातल्या मनात थोडी दाद दिल्यावाचून राहवत नाही. माझ्या गाडीला 1,000 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितले होते. तो म्हणाला, ‘हा रिकामा 850 किलोचा आहे, तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही,’ आणि पुढे जाऊन त्याने ट्रेलरचे नाक, म्हणजे गाडीच्या गोळ्यावर बसणारा कपलर, दोन्ही हातांनी उचलून दाखवले. मीही उचलून पाहिले आणि ते सहज उचलले गेले. दाराजवळ वजनाची जी पट्टी असायला हवी तिच्या जागी चार रिव्हेटांची भोके होती. ‘गंजली होती, काढून टाकली,’ एवढेच स्पष्टीकरण मिळाले आणि तेही मला पटले.

नाक हलके का लागले याचे उत्तर पुढे महिन्याभराने मिळाले. पाण्याची 80 लिटरची टाकी ट्रेलरच्या मागच्या बाजूला होती आणि ती त्या दिवशी काठोकाठ भरलेली होती. शिवाय स्टेपनी तिच्या मूळ जागेवरून, म्हणजे पुढच्या त्रिकोणी चौकटीवरून, काढून मागच्या बंपरवर लावलेली होती. एक्सल, म्हणजे चाकांचा आस, हा तराजूच्या दांडीचा टेकू समजावा, म्हणजे मागे वजन वाढले की नाक वर उचलले जाते. टाकीचा मध्य एक्सलच्या दीड मीटर मागे आणि कपलर साडेतीन मीटर पुढे असेल तर 80 किलो पाण्यामुळे नाकावरचा सुमारे 34 किलो भार कमी होतो. टाकीचा काटा बंद असल्यामुळे ती भरलेली आहे हे मला कळले नाही आणि विक्रेत्यानेही सांगितले नाही. ट्रेलर हलका आहे असे मला जे वाटले, तो खरे तर मागे ओढला गेलेला ट्रेलर होता, आणि तसाच तो मी रस्त्यावर नेला.

ओढताना नाकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार असावा असे सांगितले जाते. काही देशांत 10 ते 15 टक्के मानतात, युरोपातल्या हलक्या ट्रेलरसाठी त्याहून कमी, आणि गाडीच्या हिचची, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीची, स्वतःची मर्यादा वेगळी पाळावी लागते. भार फारच कमी असला की ट्रेलर डोलू लागतो. आमच्या पहिल्याच प्रवासात, उताराच्या सरळ रस्त्यावर, ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेग असताना शेजारून एक मोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलरची शेपटी एकदा डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि प्रत्येक फेरीत ती अधिक लांब जाऊ लागली. आरशात ट्रेलरची एक बाजू पूर्ण दिसे, मग ती नाहीशी होऊन दुसरी बाजू दिसे. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नसतो आणि स्टिअरिंग फिरवून डोलण्याचा पाठलागही करायचा नसतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरचा खटका हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मी खटका दाबला, पण काहीच झाले नाही. वेग आपोआप उतरला आणि डोलणे थांबले, एवढेच आमचे नशीब. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला काही न बोलता बसून होतो.

तिथून मी थेट वजनकाट्यावर गेलो. सामान आणि पाण्यासकट ट्रेलर 1,160 किलोचा भरला आणि आमचे 60 किलो सामान व टाकीतले पाणी वजा केल्यावर 1,020 किलोचा. म्हणजे आम्ही त्यात एक चमचासुद्धा ठेवला नसता तरी तो माझ्या गाडीच्या मर्यादेबाहेरच होता. चॅसिस क्रमांकावरून नंतर समजले की 850 किलो हा आकडा त्याच नावाच्या साध्या मॉडेलचा होता. माझ्या ट्रेलरवर छतावरचा एसी, सावलीचे छप्पर आणि दुसरी बॅटरी अशी भर पडलेली होती, आणि ओल्या लाकडाचे व भिजलेल्या फोमचे वजन निराळेच. मग ट्रेलर गॅरेजमध्ये नेला. भरलेल्या अवस्थेत नाकावरचा भार मोजण्यासाठी तिथल्या मेकॅनिकने तो सपाटीवर आणला, कपलरखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला साधा वजनकाटा ठेवला. भार 40 किलो निघाला, म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाही. टाकी रिकामी करून स्टेपनी मूळ जागी लावल्यावर तो 106 झाला.

ब्रेक का लागले नाहीत, हेही त्याच गॅरेजमध्ये उघडकीला आले. चाकांच्या ड्रमच्या आत ब्रेक लावणारे जे विजेचे चुंबक असतात त्यांच्याकडे जाणाऱ्या तारा एक्सलजवळ कापून टोकांना टेप गुंडाळलेली होती. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून पुढे एक खटका असतो, ज्याची पिन दोरीने गाडीला बांधतात. ही पिन ओढून ट्रेलर पुढे न्यायचा प्रयत्न करावा, चाके अडली पाहिजेत, आणि पिन लगेच परत बसवावी. पाहणीच्या दिवशी या चाचणीला एक मिनिटही लागले नसते.

टायरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. नक्षी जवळजवळ नवी होती आणि बाजू काळ्या पॉलिशने चमकत होत्या. टायर कोणत्या आठवड्यात बनला हे सांगणारे चार आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि माझ्या दोन्ही टायरांची ती बाजू आत, ट्रेलरच्या पोटाकडे बसवलेली होती. मेकॅनिकने खाली झोपून बॅटरीच्या उजेडात वाचले, 1811, म्हणजे 2011 सालचा अठरावा आठवडा. ट्रेलरचे टायर पळून झिजण्याआधी उभे राहून म्हातारे होतात, त्यामुळे नक्षीवर विसंबू नये. पॉलिश पुसल्यावर भेगा दिसल्याच.

फ्रिजच्या बाबतीत मी स्वतःला अजून माफ केलेले नाही. गॅसवर चालणारा हा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून ‘सकाळपासून चालू ठेवला आहे’ असे सांगून विक्रेत्याने दार उघडले आणि आत हात घातल्यावर तो चांगला गार लागला. तळाशी पाणी साचलेले मी पाहिले होते. बर्फाच्या पिशव्या आमच्या येण्याआधी थोड्याच वेळापूर्वी काढलेल्या असणार, हे घरी आल्यावर तीन दिवस फ्रिज चालवूनही दूध नासले तेव्हा लक्षात आले. मागची जाळी काढली असती तर बर्नरच्या वर नळ्यांवर जमलेली पिवळी पूड दिसली असती. ती दिसली की आतला अमोनिया गळून गेलेला असतो आणि असा फ्रिज सहसा दुरुस्त होत नाही.

शेवटी तो कोपरा उघडला. मेकॅनिकने बाहेरची पट्टी धरून ठेवणारा एक स्क्रू दोन बोटांनी धरला आणि स्क्रूड्रायव्हरशिवाय ओढून माझ्या तळहातावर ठेवला. वॉलपेपरमागचे प्लायवूड नवे होते, तेवढा तुकडा बदललेला होता, आणि त्याच्या मागचा सांगाडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा हातात येत होता. बोटांनी दाबल्यावर त्यातून पाणी निघाले. जमिनीजवळच्या आडव्या पट्टीचा हातभर भाग उरलाच नव्हता. नवे सीलंट जुन्या भेगांवरच फासलेले होते, त्यामुळे वरून पाणी येतच होते आणि खाली बाहेर पडायची वाट मात्र बंद झाली होती. सुगंधी फवारा कशासाठी होता हे तेव्हा कळले.

मी विक्रेत्याला फोन केला. त्याने शांतपणे पावती वाचायला सांगितली. तिच्यात ‘आहे त्या स्थितीत विकला’ असे लिहिलेले होते आणि खाली माझी सही होती. ‘850 किलो’, ‘कधीही गळालेला नाही’, ‘ब्रेक ठीक आहेत’ यांपैकी एकही वाक्य कागदावर नव्हते. मग मी आमचे जुने संदेश काढून पाहिले. मी तीनदा लेखी विचारले होते की ट्रेलर कधी गळला आहे का, आणि तिन्ही वेळा त्याने उत्तर लिहिण्याऐवजी लगेच फोन केला होता. तेव्हा मला त्यात आपुलकी दिसली होती. वकिलांनी माझे सगळे ऐकून घेतले, फोटो पाहिले आणि सांगितले की जाणूनबुजून दोष लपवला असेल तर ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांआड सगळेच झाकता येत नाही, पण ते जाणूनबुजून लपवले हे सिद्ध करायचे काम माझे आहे आणि त्याला लागणारा खर्च ट्रेलरच्या किमतीच्या आसपास जाईल. मी तो नाद सोडला. हे बरोबर केले की नाही याबद्दल घरात अजून दोन मते आहेत.

कोपऱ्याचा सांगाडा नव्याने बांधला, चारही कोपऱ्यांचे जुने सीलंट खरवडून काढून नवे भरले, तारा जोडल्या, टायर बदलले. एसी आणि दुसरी बॅटरी उतरवल्यावर ट्रेलर 960 किलोवर आला, त्यामुळे आम्ही आता 40 किलोंपेक्षा कमी सामान घेऊन आणि टाकी रिकामी ठेवून निघतो, पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरतो. दाराजवळच्या त्या चार भोकांवर मी वजनकाट्याची नवी पावती प्लास्टिकमध्ये घालून चिकटवली आहे, आणि पुढेमागे हा ट्रेलर विकला तर ती त्याच्यासोबतच जाईल.