चोपन्नाव्या वर्षी लावलेली एसआयपी: वर्षभरानंतरचा अनुभव

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या घरात पैसा म्हणजे एफडी, पीपीएफ आणि थोडं सोनं. सयाजीराव महाराजांच्या पुढाकारानं 1908 साली निघालेल्या बँकेत आजोबांचं खातं होतं, मग बाबांचं, मग माझं. समोरच्या बेन शेअरबाजाराचं काढायच्या तेव्हा मी विषय बदलायची. घराचं कर्ज फिटलं, मुलीचं लग्न झालं, आणि 2024 च्या नवरात्रात मी निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअरबाजारातल्या 50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, महिना 8,000 ची एसआयपी लावली, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता.

सगळ्यात जास्त दमवलं ते केवायसीनं, म्हणजे ओळखीच्या कागदपत्रांच्या पडताळणीनं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्ज दोनदा परत आला. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला शोधायला बसले, तो कपाटात शालूच्या घडीत सापडला. पॅन बदलून आल्यावर पुढचं सगळं मोबाईलवर अर्ध्या तासात झालं. माझ्या वयाच्या बायकांनी बाकी काही करण्याआधी नावाचं हे काम उरकून घ्यावं.

फंडाचा प्लॅन मात्र डायरेक्टच घ्या, म्हणजे एजंटाशिवाय थेट फंड कंपनीकडून. रेग्युलरमध्ये मधल्या माणसाचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं आणि एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या (हिश्श्याच्या) भावात, मुरतं, त्यामुळे वेगळं दिसत नाही. मी आधी पोळलेय. एका एजंटनं ‘एफडीसारखंच आहे, ताई’ म्हणून युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, गळ्यात मारली होती. तिच्यातले पैसे 5 वर्षं काढता येत नाहीत, हे लॉक-इन कळलं ते यांच्या ऑपरेशनच्या वेळी, पैसे लागले तेव्हा. तो राग अजून गेलेला नाही.

आता खरी परीक्षा. माझी हप्त्याची पाच तारीख पहिल्याच महिन्यात शनिवारी आली, म्हणून हप्ता सोमवारी, 7 ऑक्टोबरला गेला. निफ्टी तेव्हा 24,800 च्या आसपास होता, नुकताच 26,000 च्या वरून उतरलेला. पुढे फेब्रुवारीपर्यंत बाजार महिन्यामागून महिना घसरत राहिला. 4 मार्चला मी भरलेले होते 40,000 आणि दिसत होते साडेछत्तीस हजार. रात्री दोन वाजता उठून ॲप उघडलं होतं मी. यांनी विचारलं, “बंद करायचं का?” मी म्हटलं, “राहू द्या, हे पैसे आपल्याला सात वर्षं लागणार नाहीयेत.” हे वाक्य मला बोलता आलं कारण वर्षाचा घरखर्च आणि औषधपाण्याचे पैसे एफडीत वेगळे ठेवले होते. ते नसते तर मी नक्की विकून मोकळी झाले असते.

एप्रिलची पाच तारीखही शनिवारीच आली. हप्ता पडला 7 तारखेला, अमेरिकेच्या आयात कराच्या भीतीनं बाजार कोसळला त्याच दिवशी. निफ्टी 22,161. पहिल्या हप्त्यापेक्षा साधारण 12 टक्के जास्त युनिट्स आली. वर्षभरातला सगळ्यात स्वस्त हप्ता तोच निघाला. 2025 च्या दिवाळीपर्यंत 13 हप्त्यांचे 1,04,000 भरले, आणि किंमत तेव्हा होती 1,12,000 च्या आसपास. एफडीपेक्षा फार मोठं काही नाही, आणि एका वर्षावरून काही ठरवूही नये.

उशिरा सुरू केलं की सगळे सांगतात, वेळ कमी आहे, आता जास्त जोखीम घ्या. मला हे अजिबात पटत नाही. पडलेलं भरून यायला तरुणांकडे वीस वर्षं असतात, माझ्याकडे नाहीत. म्हणून बचतीतला चौथा हिस्साच फंडात, बाकी पूर्वीच्याच जागी. अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दरवर्षी थोडं थोडं काढायचं ठरवलंय. वर्षाहून जुन्या युनिट्सवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. साठीला ते पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातील. तिथं 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज हातात येतं.

नॉमिनी म्हणून मुलीचं नाव घातलंय, तिला ॲपही दाखवून ठेवलंय. पुढच्या महिन्यापासून हप्ता 10,000 करतेय. रावपुऱ्यातल्या वहिनींनाही सुरू करायचंय. त्यांच्या पॅनवर अजून माहेरचंच नाव आहे, तो अर्ज काल आम्ही दोघींनी बसून भरला.